खंड्याची उजवी बाजू

दुकानातून,
ता. १० जानेवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अ. उ. आ. आणि एक धपाटा. धपाटा कशाबद्दल ते पुढे येईलच.

भाच्याचं पत्र आलं. तुझ्या डोळ्यांचं मला त्याच्याकडून कळावं? वर्षभरात तुझी तीन पत्रं आली. त्यांत तू मला तिकडची थंडी कळवलीस, सूनबाईच्या कुंड्या कळवल्यास, शेजाऱ्याच्या मांजराला पिल्लं झाली तेही कळवलंस. डोळ्यांतलं मधलं पुसत चाललंय, नुसतं कडेकडेचं दिसतं आणि डॉक्टरांनी वर्षअखेरीच्या पुढचा भरवसा दिलेला नाही, एवढंच तेवढं राहून गेलं. बरं झालं, समोर नाहीस.

त्यानं असंही लिहिलंय की तू एकदा चहा पिता पिता म्हणालास, आपलं ते विमान आणखी एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझं शिवणात लक्ष नाही. विमानदलातल्या तुझ्या तुकडीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तू लढाऊ विमानाच्या शेपटीवर खंड्या पक्षी रंगवलास, त्याला आता अठ्ठावीस वर्षं होतील. मी दुकान बंद ठेवून, दोरीमागे उभी राहून ते पाहिलं होतं. त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण अजून माझ्या मशीनच्या वर चौकटीत आहे. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की आपसूक तिकडे बघतं आणि मग मी अर्धा तास सोडत नाही.

तर ऐक. बेतायच्या टेबलाखालचं सामान उपसताना तुझं खोकं सापडलं. तेच विमान, बत्तिसाव्या हिश्श्याचं, तुकडे जोडून करायचं. मुलाकडे राहायला जाताना तू म्हणाला होतास की टाकून दे. मी तुझं ऐकलेलं तुला कधी आठवतं का? ते मी करणार आहे. काल सुरुवातही केली. वैमानिकाची खुर्ची पहिल्या तासातच माझ्या अंगुस्तानाला चिकटली. ती सोडवायला दुसरा तास गेला.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते. पत्रच लिही.

ओढ आहे तशीच असू दे,
ताई


ता. २४ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. पहिल्या चार ओळी मी जाड पेनाने स्वतः लिहितो आहे. पानात एवढ्याच मावतात. पुढचं मी सांगतो आणि सूनबाई लिहिते.

डोळ्यांचं कळवलं नाही कारण तू लगेच माझ्यासाठी काहीतरी करायला घेशील हे माहीत होतं. घेतलंसच. बाई गं, ते काम झबल्याचं नाही. नाद सोड. सोडणार नसशील तर निदान ऐक. तुकडे आधी साबणाच्या पाण्यानं धू, त्यांना साच्याचं तेल लागलेलं असतं. डिंक लावण्याआधी दोन भाग कोरडेच जुळवून बघ, तू बाही टाचण्यांनी आधी जोडून बघतेस तसं. वैमानिकावरचं काचेचं झाकण त्या डिंकाने चिकटवू नकोस. काच धुरकटते आणि मग माझ्यासारखी अवस्था होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नाकाचे दोन भाग मिटण्याआधी आत काहीतरी जड भर. नाहीतर पुढचं चाक अधांतरी राहून विमान शेपटीवर बसेल.

सूनबाई म्हणते, तिचाही नमस्कार लिहायचा होता आणि मी जागाच ठेवली नाही. तिचा नमस्कार इथे कडेला घातला आहे.

सांभाळून घ्यावंस,
धाकटा


दुकानातून,
ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधीच नाक मिटलं होतं. विमान टेबलावर ठेवलं तर ते ढेकर दिल्यासारखं मागे रेललं आणि शेपटीवर बसलं. मला वाटलं, लढाऊ विमानं अशीच आकाशाकडे बघत बसत असतील. कौतुकानं दिवसभर तसंच ठेवलं. मग तुझं पत्र.

पण शिवण म्हटली की ती उसवता येते. टाके उसवायचं माझं हत्यार नाकाच्या फटीत घातलं आणि हळूहळू उघडलं. पडद्याच्या तळशिवणीत घालतात ते शिशाचे मणी माझ्याकडे डबाभर आहेत. चौदा मणी लागले. आता तीन चाकांवर असं उभं राहतं की कुणी बोट लावायची छाती करू नये.

अंगाला राखाडी दोन हात झाला आहे. तुझ्या तिकडच्या लोकांनी कोण जाणे इतका उदास रंग का निवडला. शेपटी आणि पाठीचा कणा पांढरा करून ठेवला आहे, खंड्यासाठी. आता रंग कुठला कुठे तेवढं नीट सांग. कात्रणातलं चित्र काळंपांढरं आहे आणि मला आठवतं ते दोरीमागून दिसलं तेवढंच. शिवाय कात्रणात विमानाची डावी बाजूच आहे. उजवीकडे काय होतं? पक्षी तसाच, की तोंड उलट दिशेला? चोच नाकाच्या बाजूला असणार, नाहीतर खंड्या मागे उडतोय असं व्हायचं.

कापडवाला रोज दुपारी डोकावतो. काल म्हणाला, ताई, हे उडेल का. मी म्हटलं, तुमची उधारी उडते तसं उडेल.

वरची तुझी खोली तशीच आहे. भिंतीवर तू ब्रश पुसायचास तिथले ठिपके मी कधी पुसू दिले नाहीत. उगीच लिहिलं.

वाट बघणारी,
ताई


ता. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

रंग सांगतो. पाठ आणि पंख चमकदार निळे, उन्हातल्या पाण्यासारखे. तुझ्याकडच्या मोरपंखी दोऱ्यासारखा रंग घे, त्यात पांढऱ्याची चिमूट घाल. पंखाची टोकं गडद निळी, जवळजवळ शाई. पोट नारिंगी, पण भगभगीत नको, विटेकडे झुकणारं. गळा पांढराच राहू दे, त्याला रंग लागत नाही, नुसतं भोवतीने जायचं. चोच तांबडी. पक्षी पाण्यात सूर मारतो आहे, म्हणून डोकं खाली आणि पुढे. पाठीच्या कण्यावर निळ्यापासून नारिंगीपर्यंत पट्टे, मागून पुढे निमुळते होत गेलेले.

हे सगळं डावीचं. आधी डावीच कर. सावकाश कर. घाई कसली आहे?

ठिपक्यांचं लिहिलंस ते सूनबाईनं दोनदा वाचलं, मी सांगितलं म्हणून. इथे मुलगा-सून जिवाला जपतात, कुणाला दोष नाही. पण खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तुझ्या दुकानावरच्या खोलीत सकाळी दहाला उजेड टेबलावर यायचा आणि एकपर्यंत हलायचा नाही. तसा उजेड मला नंतर कुठेच मिळाला नाही.

विसर पडू देऊ नये,
धाकटा


दुकानातून,
ता. २० मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आज दोनदा घे.

झालं. पुरं झालं. सोबत फोटो पाठवते आहे. फोटोवाल्याकडून मुद्दाम ताटाएवढा मोठा काढून घेतला. दोन आहेत, डावीचा आणि उजवीचा.

तू उजवीचं काही लिहिलं नाहीस. म्हटलं, म्हातारा विसरला. मग मी काय केलं सांगू? आपण झबलं कसं बेततो? कापड दुमडायचं, एकदा कात्री चालवायची, दोन्ही अंगं सारखी. तसाच कागद दुमडून खंड्या कापला. एक डावीला चिकटवला, दुसरा उलटा करून उजवीला. भोवतीने चिकटपट्टी लावून रंग भरला. कडा बघ, सुरीने कापल्यासारख्या आल्या आहेत. दोन्हीकडचे खंड्ये इतके सारखे की तूही चूक काढू शकणार नाहीस.

कापडवाला बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की हे शिवलेलं वाटतं. मी ते कौतुक समजले.

आता कधी येतोस? फोटोवर भागवू नकोस.

माया राहू दे,
ताई


ता. ८ एप्रिल

ती. आत्यांना,

सा. न. वि. वि.

बाबांना न सांगता लिहिते आहे, रागावू नका. तुमचे फोटो पोचले, फार सुंदर आहेत. बाबांनी ते खिडकीपाशी नेले आणि मान तिरपी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसले. हल्ली त्यांना तसंच बघावं लागतं. डावीचा फोटो बघून हसले. मग उजवीचा घेतला. तो पुष्कळ वेळ हातात होता. नंतर त्यांनी तो पालथा करून कपाटावर ठेवला आणि फिरायला जातो म्हणाले. एरवी एकटे जात नाहीत ते.

तुम्हाला उत्तर लिहू या का, असं मी तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी उद्या म्हणतात. जेवण अर्धं टाकतात. यांनी विचारलं तर म्हणाले, ताईनं काम चोख केलंय, आता माझं त्यात काही राहिलं नाही. यांना वाटलं, डोळ्यांमुळे खचले असतील. मला तसं वाटत नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवाल का?

तुमचीच,
सून


ता. १७ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

हे सगळं मी स्वतः लिहिलं आहे. पाच दिवस लागले. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर उलगडून वाच.

उजवी बाजू मी कधी रंगवलीच नव्हती.

समारंभ चार दिवस अलीकडे आला. मुख्य पाहुण्यांना नंतर वेळ नव्हता. डावी पुरी झाली होती. उजवीला पांढरा देऊन, सुईने भोकं पाडलेला कागद लावून, वरून कोळशाची भुकटी झटकून खंड्या उतरवला होता. नुसते ठिपके. मला दोन दिवस हवे होते. साहेब आले, विमानाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की पाहुणे डावीकडे बसणार आहेत, उजवीकडे नुसतं मैदान आहे, एक बाजू पुरे. ठिपके पुसायला लावले. वैमानिकाला ताकीद दिली की वर गेल्यावर वळायचं ते एकाच अंगाने.

तू दोरीमागून माझा हात धरलास आणि शेजारच्या बाईला सांगितलंस की हा माझा धाकटा, हे यानं केलंय. तेव्हा मी बोलणार होतो. तू नवी, घडी मोडून साडी नेसून आली होतीस. मग कात्रण आलं, चौकट आली. त्यानंतर सांगायला जागाच उरली नाही.

पंधरा दिवसांनी ते विमान पुन्हा राखाडी करायचा हुकूम निघाला. तेही मीच केलं. डावीला तीन हात द्यावे लागले, नारिंगी खालून वर येत होता. उजवीला एकाच हातात काम झालं.

मला ते विमान परत बघायचं होतं असं मी म्हणालो, ते खरं तसं नव्हतं. मला ती बाजू करायची होती. खोकं त्यासाठीच आणलं होतं आणि मग हात लावायला धजलो नाही. तुझा उजवीचा फोटो बघितला आणि वाटलं, संपलं. काम इतकं छान आहे की त्याचाच राग आला. तुझा काही दोष नाही. मी सांगितलंच नव्हतं.

कात्रण काढून टाकलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा


दुकानातून,
ता. २५ एप्रिल

चि. गाढवास,

अ. उ. आ. आहेतच, ते काही बंद होत नाहीत.

अठ्ठावीस वर्षं मी गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं आणि तू मला खाऊ दिलंस. पत्र वाचून आधी मी तुझ्यावर संतापले, मग त्या साहेबांवर आणि मग स्वतःवर. तू डावीचं दीड पान लिहिलंस आणि उजवीचं अक्षर नाही, तेव्हाच मला खटकायला हवं होतं. आयुष्य दुमडून कापण्यात गेलं. दोन अंगं वेगळी असतील हे डोक्यातच येत नाही.

कात्रण जागेवर आहे. त्यात जे दिसतं ते तू केलंस. जे दिसत नाही त्याबद्दल ते काही खोटं बोलत नाही.

आता मी काय केलं ते. दुकानाला आतून कडी लावली. कापूस टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि उजवीचा खंड्या उसवायला घेतला. आधी चोच गेली. नारिंगी पटकन सुटला, निळा खाचांमधून निघता निघेना, दात घासायच्या ब्रशने काढला. पांढऱ्यासकट सगळं निघून खालचं प्लॅस्टिक उघडं पडलं. वाईट वाटलं का म्हणशील तर वाटलं. फार छान आला होता रे तो.

मग परत पांढरा दिला. तीन दिवस वाळू दिला. जुना कागदाचा साचा मशीनखाली घातला, सुईत दोरा न ओवता, सगळ्यात बारीक टाका लावून, खंड्याच्या रेघेरेघेवरून मशीन चालवलं. अशी सुबक भोकं तुझ्या अख्ख्या पेंटशॉपला पडली नसती. कागद शेपटीला धरला आणि चुलीतला कोळसा कुटून पुरचुंडीने झटकला. ठिपके उतरले.

म्हणजे साहेब आत यायच्या आधी ते जसं होतं, तसं आता माझ्या टेबलावर उभं आहे. इथे कुणी पाहुणे यायचे नाहीत. तुला दोन दिवस हवे होते ना? दहा घे. पण कोळसा आहे, फुंकरीनं जाईल. मी त्याच्यावर झाकण घातलंय आणि शिंकसुद्धा बाहेर जाऊन देते.

ये.

ताई


ता. ५ मे

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तू उसवलंस हे सूनबाईनं वाचलं आणि तिलाच पुढे वाचवेना. मग मुलाने वाचलं.

मला मध्ये काही दिसत नाही, हे तुला नीट कळलं नाहीये. ज्या ठिकाणी ब्रश टेकवायचा नेमकी तीच जागा नाहीशी होते. बाजूला बघावं तेव्हा ती दिसते. शिवाय हात कापतो. माझ्याकडून बिघडेल. तू परत नीट करून देणार नाहीस असं वचन देत असशील तर येतो. काहीही झालं तरी हात लावायचा नाही. उत्तर दोन ओळींत पाठव.

धाकटा


दुकानातून,
ता. ११ मे

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

वचन दिलं. गादी उन्हात टाकली आहे.

ताई


दुकानातून,
ता. ९ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

सूनबाईस सांगावं की हे पत्र दमानं वाच, मध्ये चहा घेतलास तरी चालेल.

तू इथून सुखरूप घरी पोचल्याचं कळलं. प्रवासानंतर डोळ्यांवरचा तो धुरकट ठिपका आणखी पसरला, आता फोटोतलं काही दिसत नाही, हेही भाच्याने लिहिलं. म्हणून या वेळी फोटो काढला नाही. सांगते.

तू गेल्यावर दोन दिवस मी वर गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी झाडायला गेले. टेबलाशी दोन खुर्च्या तशाच होत्या, तुझी वाकडी आणि माझी तिला लागून. नऊ दिवस मी उशीवर विमान धरून बसले, तू तुझी करंगळी माझ्या अंगठ्यावर टेकवायचास आणि भलतीकडे, खिडकीच्या चौकटीकडे बघत ब्रश चालवायचास. कापडवाला एकदा जिन्यात येऊन बघून गेला. त्याला वाटलं, तू रुसून तोंड फिरवून बसला आहेस. तू मला रंग विचारायचास आणि मी सांगायचे. एकदा विटेचा म्हणून मी तांबडाच पुढे केला. तू वासावरून ओळखलास, का उगीच थाप मारलीस, ते तूच जाणे. दहा ते एक. मग जेवण, मग भांडण, मग झोप. इतकं बरं माझं कित्येक वर्षांत गेलं नव्हतं.

निघताना तू जिन्यात थांबलास आणि विचारलंस की कसं झालंय ते खरं खरं सांग. मी गाडी चुकेल म्हणून तुला पुढे ढकललं. गाडीला अर्धा तास होता. आता सांगते.

सरळ नाही झालं. पोटाचा नारिंगी रेघ ओलांडून गळ्यात शिरला आहे. चोच हवी त्याच्या दीडपट लांब झाली आणि खालच्या झडपेवर गेली. पंखाच्या टोकाला तुझा हात थरथरला, तिथे निळ्याची एक ओळ सुटून मागे राखाडीवर पोचली आहे. पाठीच्या पट्ट्यांपैकी तिसरा आणि चौथा एकमेकांत मिसळले. तुझ्या साहेबांनी फेरी मारली असती तर चार चुका उभ्या उभ्या काढल्या असत्या.

आणि धाकट्या, माझा डावीचा खंड्या शेपटीवर चिकटून बसला आहे. छान आहे, स्वच्छ आहे, बसला आहे. तुझा पाण्यात पडतो आहे. ती सुटलेली निळी ओळ आहे ना, तिच्यामुळे तो आत्ता आत्ता तिथून निसटल्यासारखा वाटतो. मी बघते तेव्हा दरवेळी तो आणखी थोडा खाली गेलेला असतो. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय लिहिलंय?

विमान खाली दुकानाच्या खिडकीत ठेवलंय. उजवी बाजू रस्त्याकडे. परवा कापडवाला म्हणाला, ताई, पलीकडची बाजू सफाईदार आहे, लोकांना ती दिसू द्या, फिरवून ठेवा. मी त्याला म्हटलं, ती बाजू शिंपिणीने केलेली आहे, ही रंगाऱ्याने केली आहे, आणि विमान रंगाऱ्याचं आहे. तो बाहेर गेला आणि रस्त्यावर उभा राहून पुन्हा बघू लागला. मी मशीन थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. बराच वेळ उभा होता.

वचन पाळलं आहे. हात लावलेला नाही, धूळसुद्धा फुंकरीनेच काढते.

वरची खिडकी दहाला उघडते आणि एकला लावून घेते. कुणी बसत नाही तिथे, पण उजेड येतो तर येऊ दे म्हणते.

जिथे असशील तिथे माझा असू दे,
ताई